हेथें कोण बसतो?

आमच्या सरांनी वजन कधी टनात मोजलं नाही. ते हत्तीत मोजायचे. कुंभकोणमला देवळाच्या दारात हत्तीण उभी असते, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर सोंड ठेवते. ती बरोबर चार टनांची आहे असं सरांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिला विचारायला कोणी गेलं नव्हतं. पण ऑफिसातले सगळे हिशेब तिच्यावर चालायचे.

सकाळी दहाला खालच्या हॉटेलातून कॉफी यायची. पितळी पेला आणि खाली पितळी डबरा, म्हणजे पसरट वाटी. सर पेला हातभर उंच धरून कॉफी डबऱ्यात ओतायचे, पुन्हा पेल्यात, पुन्हा डबऱ्यात. फेस वर आला की हात थांबायचा आणि प्रश्न यायचा.

"गच्चीवरल्या टाकींत पाणी भरलें. किती हत्ती?"

उत्तर फेस बसायच्या आत द्यायचं. कागद नाही, मोबाइल नाही, डोळे मिटणंही नाही. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "सर, टाकीची मापं?" तर ते म्हणाले, "घरांत माणसें किती तें विचार, अगे. टाकी माणसांच्या तहानेची असते." तोवर फेस बसला होता. त्यांनी माझ्याकडे अत्यंत दुःखी चेहऱ्यानं बघत कॉफी प्यायली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मी तेव्हा त्रिचीहून एम.टेक. होऊन ताजी ताजी बाहेर पडलेली. मूळची कऱ्हाडची. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांनी मला मुलाखतीला बोलावलं होतं आणि चहा पाजून परत पाठवलं होतं. आमच्या प्राध्यापकांना माझी कीव आली असावी. म्हणाले, कुंभकोणमला एक स्ट्रक्चरल इंजिनीयर आहेत, मराठी बोलतात, सहा महिने जाऊन ये. मराठी बोलतात या एका गोष्टीवर आईनं होकार दिला. 

मराठी बोलतात हे खरंच होतं. फक्त ते मराठी मी शाळेत बखरीच्या धड्यात शेवटचं वाचलं होतं. सरांचं घराणं तंजावरच्या दरबारात कारकुनी करणाऱ्यांचं. तीनशे वर्षांपूर्वी जी भाषा गाठोड्यात बांधून आणली ती यांनी घरात जपून वापरली, आणि जिथे कमी पडली तिथे तमिळ जोडली. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की सगळं तमिळ. मी पहिल्यांदा बोलले तेव्हा सर लक्ष देऊन ऐकत राहिले आणि मग त्यांच्या बायकोला, म्हणजे मामींना, हाक मारून म्हणाले, "ऐकलीस? बिचारीचें मराठी बहुत बिघडलें आहे. तिकडे कोणी सांगणारें नाहीं." मामी म्हणाल्या, "जेवूं घाला आधीं, भाषा मागून पाहूं." मला त्यांच्या मराठीचं हसू येत होतं, आणि पहिल्याच दिवशी हसं माझं झालं.

ऑफिस पितळेच्या समयांच्या दुकानावर होतं. खाली दिवसभर ठोकाठोक, वर आम्ही दोघं आणि ड्रॉइंगांच्या गुंडाळ्या. सरांची छत्री टेबलाच्या कडेला टांगलेली असायची. ऊन असो, नसो, ती बरोबर असायचीच. तिच्या दांडीवर त्यांनी चाकूनं इंचाच्या खुणा केल्या होत्या. साइटवर ते टेप काढतच नसत. छत्री आडवी, छत्री उभी, झालं माप. छत्रीच्या टोकानं नव्या स्लॅबवर टकटक करून ते कान देत. ही छत्री त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हातात दिलेली मी कधी पाहिली नव्हती. मामींना म्हणे एकदा पावसात लागली होती, तर स्वतः बरोबर चालत गेले.

मी कामाला लागले ती फार हुशारीनं. पहिली गच्ची दिली तर मी संगणकावर तीन दिवस घासून लोखंडात इतकी काटकसर केली की प्रत्येक खोलीत गजांचं अंतर वेगळं, जाडी वेगळी. सरांनी ड्रॉइंग बघून गुंडाळलं. म्हणाले, "उद्यां सकाळीं साइटवर जा. हें तूंच बांध."

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. लोखंड बांधणाऱ्या मेस्त्रीनं माझ्या हातात तारेचं बंडल आणि तार पिळायचा आकडा दिला आणि स्वतः सावलीत बसला. दहा मिलिमीटरचा गज आणि बाराचा गज उन्हात पडले की सारखेच दिसतात हे एम.टेक.ला कुणी सांगितलं नव्हतं. एका कोपऱ्यात इतके गज एकत्र आले होते की माझी बोटं आत जाईनात. अकराच्या सुमाराला सर आले, छत्री मिटली, त्या कोपऱ्याशी वाकले.

"हात जातो?"

"नाही सर."

"हात जात नाहीं तेथें काँक्रीट कसें जाईल?"

एवढंच बोलून गेले. दुपारी मी दोनच जाड्या आणि दोनच अंतरं ठेवून नवं ड्रॉइंग काढलं. मेस्त्री म्हणाला, "आता वाचता येतं." कॉलेजात मला मिळालेल्या कुठल्याच शेऱ्यानं इतका आनंद झाला नव्हता.

पण सरांचं सगळ्यात मोठं वेड टिंबांचं होतं. त्यांच्या ऑफिसातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक ड्रॉइंगवर, बीम-कॉलमच्या मध्ये, पेन्सिलनं काढलेली बारीक टिंबं असायची. एक टिंब म्हणजे एक माणूस. त्या घरात माणूस जिथे बसणार तिथे टिंब. आजी झोपाळ्यावर बसणार, टिंब. सून अंगणात बसून भाजी निवडणार, टिंब. कुठल्याही नियमावलीत असं काही नाही. कंत्राटदार मागे हसायचे. सर सही करण्याआधी ड्रॉइंगवर छत्रीचं टोक ठेवत आणि विचारत, "हेथें कोण बसतो?" उत्तर आलं नाही तर सही नाही. आणि नुसत्या उत्तरावरही भागत नसे. ते साइटवर जाऊन त्या त्या जागी स्वतः बसून यायचे. विटांच्या ढिगात चटई टाकून, धोतर सावरून, स्वयंपाकघरात जिथे चूल येणार तिथे हा माणूस मांडी घालून पाच मिनिटं बसलेला मी कितीदा पाहिला आहे.

"सर, पण हे आर्किटेक्टचं काम ना? आपण भार बघायचा."

"भार कोठून येतो?" ते म्हणाले. "भिंतींतून? भार माणसांतून येतो, अगे. माणूस कोठें बसतो तें ठाऊक नाहीं, आणि म्हणे भार ठाऊक आहे."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, म्हाताऱ्याचं चाललंय ते चालू दे.

चार-पाच महिन्यांनी मी त्यांना म्हटलं, पेन्सिलची टिंबं पुसली जातात, मी ती संगणकावरच काढत जाऊ का? सरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "शरी." तमिळमध्ये शरी म्हणजे ठीक आहे. मग मी काय केलं, तर एक तयार संच करून ठेवला. सोफ्यावर चार टिंबं, जेवणाच्या टेबलाभोवती सहा, ओट्यापाशी एक. घर आलं की संच उचलायचा आणि चिकटवायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. मला त्याचा अभिमान होता हे सांगायला लाज वाटते, पण होता.

अशात तिरुभुवनम् गावातल्या एका विणकराचं घर आलं. कुंभकोणमहून मयिलादुतुरैच्या बसनं थोडं पुढे गेलं की हे गाव. रेशमी साड्यांचं. मी तिथे तोवर साडी घ्यायला गेले होते, माग बघायला नाही. विणकराचं जुनं कौलारू घर उतरवून झालं होतं आणि मोकळ्या जागेवर नवरा-बायको माझी वाट बघत उभे होते. विणकर पन्नाशीचा, कमी बोलणारा. बायको मात्र बोलकी. मी तिला लगेच अक्का म्हणायला लागले. सरांचा गुडघा त्या महिन्यापासून सुजला होता, म्हणून मी एकटीच गेले होते.

विणकरानं तमिळमध्ये एकच गोष्ट सांगितली. "पुढली खोली मोकळी ठेवा, अम्मा. तिथे फरशी नको." मी लिहून घेतलं. का नको, हे विचारलं नाही. नंतर आवडीची घालतील, असं वाटलं. अक्कानं त्या मोकळ्या जागेत, पुढच्या बाजूला, तांदळाच्या पिठाचा छोटासा कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, घातला होता आणि मधोमध एक जास्वंद ठेवली होती. मी म्हटलं, "किती सुंदर!" आणि मोबाइलवर फोटो काढला. अक्का खूश झाली. मी नीट नोंद करून घेतली असं तिला वाटलं.

ऑफिसात येऊन मी घर काढलं. तिकडची माती काळी, कावेरीच्या पाण्यानं फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. अशा मातीत खांबांना जमिनीखाली बीमनं एकमेकांना बांधून ठेवावं लागतं, नाहीतर ते आपापल्या मर्जीनं हलायला लागतात. पुढल्या खोलीच्या दोन बाजूंच्या खांबांना मी मधोमध एका बीमनं बांधलं. मग टिंबांचा संच उचलला आणि चिकटवला. पुढल्या खोलीत सोफा, चार टिंबं. सरांनी पाय स्टुलावर ठेवून ड्रॉइंग पाहिलं, टिंबं पाहिली आणि सही केली.

त्यानंतरच्या कार्तिक अमावास्येला सर तिरुविसनल्लूरला गेले होते. तिथल्या मठातल्या विहिरीच्या पाण्यानं त्या दिवशी स्नान करायचं, हा त्यांच्या घरचा शिरस्ता. ऑफिसात मी एकटी. विणकराचा फोन आला. आवाज नेहमीसारखा शांत. "अम्मा, खणताना खाली दगड लागतोय. तुम्ही एकदा येता का?"

मी गेले. घर उभं राहिलं होतं, भिंतींना चुना झाला होता. पुढल्या खोलीत मधोमध विणकर गुडघाभर खड्ड्यात उभा होता आणि त्याच्या पहारेपाशी माझा बीम होता.

तिकडचा रेशमाचा माग जमिनीलगत असतो. विणकर जमिनीच्या पातळीला बसतो आणि पाय खाली कमरेइतक्या खड्ड्यात सोडून पायपट्ट्या दाबतो. खड्डा नसेल तर माग नाही. आणि खड्डा कुठेही खणून चालत नाही. पूर्वेच्या खिडकीतला उजेड डाव्या खांद्यावरून हातांवर पडेल अशीच ती जागा हवी. ती जागा अक्कानं पहिल्याच दिवशी कोलम घालून मला दाखवली होती. त्यांच्या घरात माग बसायच्या जागी आधी कोलम आणि फूल ठेवतात. मी त्याचा फोटो काढला होता आणि त्याच्या पोटातून काँक्रीट नेलं होतं.

"थोडा तोडला तर चालेल का, अम्मा?" विणकरानं विचारलं.

"नाही!" मी ओरडलेच. तो बीम तोडला तर खांब सुटे होतील हे मला कळत होतं. पुढे काय करायचं ते कळत नव्हतं. सरांना फोन करावा असं वाटलं आणि त्याहून जास्त, सरांना हे कधीच कळू नये असं वाटलं. पोंगलनंतर मला पुण्याच्या एका कंपनीसाठी त्यांचं शिफारसपत्र मागायचं होतं. मी जमेल तितक्या अधिकारवाणीनं म्हटलं, "माग चार फूट आत सरकवा. भिंतीकडे."

विणकरानं खिडकीकडे पाहिलं. मग भिंतीकडे. अक्का काहीतरी बोलणार होती, त्यानं हातानंच तिला थांबवलं. "परवाइल्लै, अम्मा," तो म्हणाला. म्हणजे हरकत नाही. तमिळमधला हा शब्द मला तेव्हापासून ऐकवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, "त्या विणकरानं मागाची जागा ऐन वेळी बदलली." 

"असें?" सर म्हणाले. त्यांनी छत्री उघडली, बघितली, पुन्हा मिटली. बाहेर स्वच्छ ऊन होतं.

पोंगलनंतर त्यांचा गुडघा बरा झाला. एका सकाळी कॉफीचा पेला खाली ठेवून म्हणाले, "चल. तिरुभुवनम् पाहूं. तेथें मी बसलों नाहीं अद्यापि." बसमध्ये सगळा वेळ मी खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी हत्तीचा एकही प्रश्न विचारला नाही.

विणकर भिंतीशी, अंधाऱ्या बाजूला, खड्ड्यात पाय सोडून बसला होता. मागावर गडद डाळिंबी रेशीम. वर ट्यूबलाइट लावलेली, पण तिचा झगझगाट जरीवर उलटून यायचा आणि तुटलेला धागा दिसायचा नाही. म्हणून खड्ड्याच्या कडेला अक्का बसली होती. हातात विजेरी. जरीच्या बुट्ट्यांची ओळ आली की ती तिरपा उजेड धरायची, पुढे गेली की हात खाली. विणकर काही सांगत नव्हता. तिला कळत होतं.

सरांनी छत्रीचं टोक अक्काकडे केलं. तमिळमध्ये विचारलं, पण प्रश्न तोच. इथे कोण बसतं?

"मीच, सार," अक्का हसून म्हणाली.

"रोज?"

"स्वयंपाक सकाळीच उरकते."

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते विणकराकडे वळले. "जागा तुम्ही बदललीत?"

विणकराचे हात थांबले. मी दाराशी उभी. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. या माणसानं दोन महिन्यांत मला एकदाही फोन केला नव्हता. तो म्हणाला, "होय सार. आम्हीच उशिरा सांगितलं. अम्मांची काही चूक नाही."

मी सुटले होते. शिफारसपत्र, पुणे, सगळं माझं होतं. फक्त गप्प उभं राहायचं होतं. आणि अक्काचा हात पुन्हा वर गेला, कारण मागावर बुट्ट्यांची ओळ आली होती.

मी फोन काढला. कोलमचा फोटो सापडायला वेळ लागला. तो मी सरांच्या पुढे धरला आणि मराठीतच बोलले, कारण तमिळ त्या क्षणी सगळं पळून गेलं होतं. "सर, ते माझ्यासाठी खोटं बोलताहेत. जागा पहिल्या दिवशी दाखवली होती. मी विचारलं नाही. आणि नंतर तुमच्याशी खोटं बोलले."

सरांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन जास्वंद निरखली. मग अक्काला विचारलं, कोलम कोणी घातला? ती म्हणाली, मी. माग येणार होता म्हणून. सरांनी मान हलवली, आणि भिंतीला हात टेकून तिथेच खाली बसले, अक्काच्या शेजारी. बराच वेळ बसले. धोटा इकडून तिकडे जात राहिला. शेवटी उठायला हात वर केला आणि छत्री माझ्यापुढे केली.

"धर."

मी दोन्ही हातांनी धरली. ते माझा खांदा पकडून उठले आणि विणकराला विचारलं, "ताण्यावर किती बाकी?"

"दोन साड्या, सार."

"त्या होईपर्यंत मागाला हात लावूं नये," सर मला म्हणाले. "त्यानंतर आपण बीम नीट करूं. तोंपर्यंत आदितवारीं तूं येऊन विजेरी धर."

मी गेले. प्रत्येक रविवारी. पहिल्या रविवारी दहा मिनिटांत माझा खांदा भरून आला आणि उजेड थरथरायला लागला. विणकर थांबायचा, मी हात बदलला की पुन्हा सुरू. अक्का आतून येऊन हसायची, "दे इकडे," म्हणून विजेरी काढून घ्यायची आणि माझ्या हातात ताकाचा पेला द्यायची. बीमवर येणारा भार मी दशांशापर्यंत सांगू शकत होते. विजेरीचा भार मला तिथे कळला.

एका रविवारी सरही आले होते, तेव्हा बसमधून परतताना मी त्यांना म्हटलं, "तुम्ही मला ओरडला नाहीत."

"सही कोणाची?" सर म्हणाले. "टिंबें पाहिलों आणि सही केलों. पाय दुखतो म्हणून बसायला गेलों नाहीं. आणि त्याआधीं एके दिवशीं तुला शरी म्हणालों, तेथें पहिला चुकलों." मग थोड्या वेळानं, "तूं फोटो काढिलीस. मी तोही काढलों नाहीं."

ताणा संपला. आम्ही बीमला खड्ड्याच्या दोन्ही बाजूंनी वळसा घातला. आधी खड्ड्याभोवती नवी चौकट बांधली, तिला जुन्या बीमशी जोडलं, काँक्रीट पुरतं मुरू दिलं आणि मगच मधला तुकडा कापला. गज मी स्वतः बांधले. प्रत्येक कोपऱ्यात हात घालून पाहिला. ज्या दिवशी माग जागेवर आला, त्या दिवशी सरांनी विणकराआधी मला खड्ड्यात बसवलं. पाय पायपट्ट्यांवर, खिडकीतला उजेड डाव्या खांद्यावरून आला आणि हातांवर पडला. माझ्या हातांवर. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

नव्या ड्रॉइंगवर मी संच चिकटवला नाही. पेन्सिलनं खड्ड्यात एक टिंब काढलं आणि सरांपुढे ठेवलं. त्यांनी सही केली, आणि मग माझ्या हातातली पेन्सिल घेऊन खड्ड्याच्या कडेला आणखी एक टिंब काढलं.

"सर, आता विजेरी लागत नाही. तिथे कोणी बसणार नाही."

"बसेल," ते म्हणाले.

पुण्याचं पत्र मी त्या वर्षी मागितलं नाही. सहा महिन्यांसाठी आलेली मी तीन वर्षं राहिले. निघाले तेव्हा सरांनी न मागता पत्र दिलं. इंग्रजीत, दोन ओळींचं. दुसरी ओळ अशी की, ही मुलगी फोटो स्वतः दाखवते. मुलाखतीत त्यांनी मला विचारलं, कसला फोटो? मी सांगितलं. सांगून झालं, आणि नोकरी मिळाली.

आता माझ्या हाताखाली आठ जण आहेत. चाळीस मजल्यांच्या इमारती आम्ही संगणकावर उभ्या करतो. टिंबांचा नियम मी इथेही लावला. सगळे मागे हसतात, ते मला माहीत आहे. मागच्या वर्षी एका ड्रॉइंगवर मला लिफ्टच्या खड्ड्यात सोफ्यावर बसलेली चार टिंबं दिसली. कोणीतरी संच करून ठेवला होता. मी आधी खूप हसले, मग मला माझा संच आठवला. त्या दिवशी संध्याकाळी कुंभकोणमचं तिकीट काढलं.

सर आता ऑफिसचा जिना चढत नाहीत. घरातच असतात. मामी गेल्या, ते मला फोनवर कळलं होतं, पण स्वयंपाकघराच्या दारातला त्यांचा रिकामा पाट पाहिला तेव्हा खरं वाटलं. सरांनी मला ओळखलं आणि पहिलं वाक्य असं, "अजून तसेंच बोलतेस? सुधारलें नाहीं." मग म्हणाले, "रिक्षा बोलाव. तिरुभुवनम् जाऊं."

विणकराचे केस पांढरे झाले आहेत. माग तिथेच, खिडकीपाशी. सकाळचा उजेड त्याच्या हातांवर होता, स्वच्छ, भरपूर. आणि खड्ड्याच्या कडेला अक्का बसली होती. हात मांडीवर, हातात काही नाही. मागावर बुट्ट्यांची ओळ आली आणि तिचा उजवा हात वर गेला, थोडासाच, आणि आपला आपणच खाली आला. तिच्या ते लक्षातही आलं नाही. 

मी तिच्या हाताकडे बघत उभी राहिले. बीम मी नीट केला होता. हे माझ्याच्यानं नीट होण्यासारखं नव्हतं.

"सर," मी हळूच म्हटलं, "हे माझ्यामुळे."

"होय. तुझ्याचमुळें," सर म्हणाले. "म्हणून तर तेव्हां हेथें टिंब दिलों."

अक्कानं आम्हाला पाहिलं, हसली, आणि बाजूला सरकून जमिनीवर हात थोपटला. सरांना आता खाली बसवत नाही. त्यांनी छत्री माझ्या हातात दिली. मी बसले.